औषधाच्या दुकानाची तपासणी : काय पाहतात, का पाहतात?

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडला लागून असलेले एक औषधाचे दुकान. दुपारी साडेबाराची वेळ. एक वयस्क आजी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवर नजर टाकली, फडताळातून दहा-दहा गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या, पैसे घेतले आणि म्हणाला, "दोन्ही रोज एकेक, जेवणानंतर."

आजी वळल्या, तेवढ्यात आमच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्यांना थांबवले.

"आजी, गोळ्या कशा घ्यायच्या म्हणून सांगितलं डॉक्टरांनी?"

"सांधं दुखत्यात म्हून दिल्यात. डाक्टर काय बोललं ते ध्यानात न्हाई. ह्यो पोरगा म्हनतो, दोन्हीबी रोज एकेक."

"बाळ, पहिल्या गोळीपुढे चिठ्ठीत काय लिहिलंय, मोठ्यानं वाच बरं."

मुलाने वाचले, आणि त्याचा चेहरा उतरला. "आठवड्यातून एकदा लिहिलंय, साहेब."

पहिली गोळी होती मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दुसरी गोळी फॉलिक आम्लाची, पहिलीचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून दिलेली. दोन्ही लहान, दोन्ही पिवळट. मेथोट्रेक्सेट रोज घेतली तर तोंडात व्रण पडतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. त्या दोन पट्ट्यांत औषध उत्तम होते. कंपनी चांगली, मुदत शिल्लक, किंमत बरोबर. तरीही दहा दिवसांत आजींची गाठ मृत्यूशी पडली असती.

हे गृहस्थ अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक होते. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता, "शाळेची तपासणी होते, तशी मेडिकलची होते का? आणि झाली तर त्यात काय बघतात?" उत्तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. म्हणून परवानगी काढून आम्ही एक दिवस या निरीक्षकांबरोबर तीन दुकाने पाहिली. त्यातून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

कायद्याची गरज का पडली?

कापड खराब निघाले तर ते धुतल्यावर कळते. भाजी किडकी असेल तर चिरताना कळते. औषधाचे तसे नाही. गोळीत सांगितलेला घटक सांगितलेल्या प्रमाणात आहे की नाही, हे गिऱ्हाईक पाहून, चाखून किंवा हुंगून ठरवू शकत नाही. बरे वाटले नाही तर आजार वाढला असे तो समजतो, औषध निकृष्ट होते असे नव्हे. विकणाऱ्याला सारे माहीत आणि घेणाऱ्याला काहीच माहीत नाही, अशा व्यवहारात तिसऱ्या कोणी तरी लक्ष घालावे लागते.

आपल्याकडे याची जाणीव विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तीव्र झाली. बाजारात भेसळीच्या व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाला होता. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. त्यातून १९४० चा औषध कायदा झाला. आज तो 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा' म्हणून ओळखला जातो. त्याचे नियम १९४५ मध्ये आले, आणि औषध हाताळणाऱ्या माणसाची पात्रता ठरवणारा फार्मसी कायदा १९४८ मध्ये आला. औषध दुकानाची तपासणी मुख्यतः या तीन आधारांवर उभी आहे.

कायदा वस्तू, जागा, माणूस आणि नोंद या चारही गोष्टींकडे पाहतो, हे लक्षात ठेवावे. तपासणीचा सारा क्रम याच चार शब्दांत बसतो.

आत शिरण्यापूर्वीच

निरीक्षक पहिल्या दुकानासमोर दोन मिनिटे नुसते उभे राहिले. ते पाटी वाचत होते. आपण पाटीला नाव समजतो. नियमांच्या दृष्टीने ती एक विधान असते. नोंदणीकृत फार्मासिस्टची सेवा नसलेल्या दुकानाने स्वतःला 'ड्रगस्टोअर' म्हणायचे. फार्मासिस्ट आहे, पण औषधे मिसळून तयार करण्याची सोय नाही, त्याने 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' म्हणायचे. फार्मासिस्टही आहे आणि अशी सोयही आहे, त्यालाच 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट' म्हणवून घेता येते.

आत गेल्यावर पहिली नजर भिंतीवर. परवाना लोकांना दिसेल अशा जागी लावलेला असला पाहिजे. किरकोळ विक्रीसाठी साधारणपणे दोन परवाने असतात, नमुना २० आणि नमुना २१. दुसरा परवाना लसी, इंजेक्शने यांसारख्या विशेष काळजीच्या औषधांसाठी असतो. जागा किमान १० चौरस मीटर हवी. किरकोळ आणि घाऊक अशी दोन्ही विक्री असेल तर १५. पूर्वी परवान्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवाना रद्द होईपर्यंत चालू राहतो. मात्र दर पाच वर्षांनी शुल्क भरावे लागते. म्हणजे कागद तपासण्याची जुनी वेळ गेली, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे महत्त्व वाढले.

त्यानंतरचा प्रश्न निरीक्षकांनी तिन्ही दुकानांत सारख्याच शब्दांत विचारला : "फार्मासिस्ट कोण? समोर या."

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले पाहिजे, असे नियम सांगतो. अनेकांना हा नियम कागदी वाटतो. पट्टीवर नाव छापलेले असते, चिठ्ठीतही नाव असते, मग ती काढून देण्यात विशेष ते काय? याचे उत्तर आजींच्या प्रसंगात आहे. नावांचा घोटाळाही काही थोडा नसतो. अमेरिकेत 'लोसेक' या आम्लपित्तावरील औषधाची 'लासिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी गल्लत होऊ लागली, म्हणून १९९० मध्ये त्याचे नाव बदलून 'प्रायलोसेक' करावे लागले. हस्ताक्षर वाईट असेल तर अशा नावांत फरक करायला आजार, मात्रा आणि औषधाचा उपयोग यांचा मेळ घालता आला पाहिजे. ते शिक्षणाने येते, सवयीने नाही.

फ्रिज, फडताळ आणि रसायनशास्त्र

पहिल्या दुकानातला फ्रिज उघडला तेव्हा इन्शुलिनच्या शेजारी दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली होती. दुकानदार हसून म्हणाले, "घरचंच आहे, साहेब." निरीक्षक हसले नाहीत. दूध काढण्यासाठी फ्रिज दिवसातून दहा वेळा उघडला की आतले तापमान दहा वेळा चढते, हे त्यांनी समजावून सांगितले. मग आत ठेवलेला तापमापक पाहिला. तो शून्याखाली दोन अंश दाखवत होता, कारण तो बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेला होता. इन्शुलिनचा एक खोकाही तेथेच होता.

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. उष्णतेने ते हळूहळू निकामी होते, हे आपल्याला माहीत असते. पण गोठल्यानेही ते बिघडते, हे फारसे कोणाला माहीत नसते. इन्शुलिन हे प्रथिन आहे. गोठताना त्याची घडी विस्कटते, रेणू एकमेकांना चिकटतात. वितळल्यावर द्रव पुन्हा जवळजवळ तसाच दिसतो, पण साखर आवरण्याची शक्ती भरवशाची राहत नाही. धनुर्वात आणि 'ब' काविळीच्या लसींचेही तसेच. त्यांतील ॲल्युमिनियमचे क्षार गोठल्यावर गुठळ्या धरतात. उलट, तोंडाने देण्याची पोलिओची लस उष्णतेला फार हळवी. 'जितके थंड तितके चांगले' हा घरगुती नियम औषधांना लागू पडत नाही.

फडताळातल्या गोळ्यांचे काय? बहुतेक रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात. दुप्पट धरले तरी, २७ अंशांऐवजी ४२ अंशांवर ठेवलेले औषध सुमारे पावणेतीनपट वेगाने खराब होईल. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात हे सहज घडते. पट्टीवरची मुदत ही त्याच पट्टीवर छापलेल्या साठवणीच्या अटीसह वाचायची असते. '३० अंशांखाली ठेवा' ही अट मोडली, तर मुदतीची तारीख नुसती छापील उरते.

अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. दमट हवेत अ‍ॅस्पिरिनचे जलअपघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. दुसरे म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. म्हणून जुन्या बाटलीचे झाकण उघडताच आंबूस वास येतो. येथे आपले नाक बिघाड ओळखते. पण हा अपवाद झाला. बहुतेक औषधे बिघडताना वास देत नाहीत आणि रंगही बदलत नाहीत. काही औषधे बिघडून नुसती दुबळी न होता अपायकारक होतात. जुन्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकात वैद्यकीय साहित्यात आल्या आहेत.

म्हणून मुदत संपलेली औषधे विक्रीच्या मालापासून वेगळ्या खोक्यात, 'विक्रीसाठी नाही' असे लिहून ठेवावी लागतात. डॉक्टरांना मोफत वाटण्यासाठी आलेले नमुने आणि सरकारी दवाखान्यांसाठी पुरवलेली औषधे तर दुकानात ठेवताच येत नाहीत. पट्टीवर नुसता महिना आणि वर्ष असेल, तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते, हेही येथेच सांगून ठेवतो.

चिठ्ठी, बिल आणि नोंदवही

दुसरे दुकान लखलखीत होते. फ्रिज बरोबर, फार्मासिस्ट हजर. आम्हाला वाटले, येथे पाच मिनिटांत काम संपेल. पण निरीक्षक खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी बिलांची फाइल मागितली. जवळजवळ तासभर ते आकडे जुळवत होते. कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून किती माल आला, किती विकला, किती शिल्लक आहे? बॅच क्रमांक तेच आहेत का?

हे काम कंटाळवाणे दिसते. त्याचा अर्थ कळण्यासाठी एक दुःखद गोष्ट सांगावी लागेल.

ग्लिसरीन हा घट्ट, गोडसर, रंगहीन द्रव औषधांत वापरला जातो. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा एक द्रव तितकाच घट्ट, गोडसर आणि रंगहीन असतो. तो उद्योगधंद्यांत वापरतात आणि तो स्वस्त असतो. पोटात गेल्यास तो मूत्रपिंडे निकामी करतो. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध या द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा झाला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषाने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार चालू होते. औषध तमिळनाडूत बनलेले होते. तेथील प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे विष कोणत्याही दुकानदाराला बाटली पाहून ओळखता आले नसते. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. मग दुकानाची जबाबदारी काय? एखादी बॅच घातक आहे असे कळल्यावर ती कोणत्या गावच्या कोणत्या फडताळात आहे, हे तासाभरात सांगता येणे, ही ती जबाबदारी. बनवणाऱ्यापासून घाऊक विक्रेत्यापर्यंत, तेथून दुकानापर्यंत आणि दुकानातून रुग्णापर्यंत बिलांची साखळी अखंड असेल, तर बाटली परत मागवता येते. बिलाशिवाय घेतलेला एक खोका ही साखळी तोडतो. गिऱ्हाईक 'बिल नको' म्हणते, तेव्हा त्या साखळीची शेवटची कडी तेच तोडत असते.

नोंदींचा दुसरा हेतू वेगळा आहे. औषधांच्या काही याद्या नियमांना जोडलेल्या आहेत. 'एच' यादीतली औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. 'एक्स' यादीतली औषधे, ज्यांची सवय लागण्याचा धोका मोठा, कुलपात ठेवावी लागतात. या दोहोंच्या मध्ये २०१३ मध्ये 'एच-१' ही यादी घातली गेली आणि मार्च २०१४ पासून ती लागू झाली. तिच्यात तिसऱ्या पिढीची प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

प्रतिजैविकांसाठी इतका खटाटोप का? कारण त्यांचा गैरवापर घेणाऱ्यापुरता राहत नाही. अर्धवट घेतलेल्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, वाढतात आणि शेजाऱ्याकडे जातात. डार्विनची निवड येथे काही दिवसांत घडते. सर्दीसाठी 'ती मागच्या वेळची गोळी द्या' म्हणून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या चार गोळ्यांची किंमत उद्या अतिदक्षता विभागातल्या एखाद्या अनोळखी रुग्णाला मोजावी लागते.

त्या लखलखीत दुकानात एच-१ च्या वहीत एकाच दिवशीच्या २२ नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या. डॉक्टरांचे नाव सगळीकडे एकच होते. निरीक्षकांनी फक्त एवढेच विचारले, "या चिठ्ठ्या दाखवता का?" चिठ्ठ्या नव्हत्या.

नमुन्याचे चार भाग

संशय असो वा नसो, निरीक्षक चाचणीसाठी नमुने घेतात. घेताना योग्य किंमत देऊ करावी लागते. नमुना फुकट उचलायचा नसतो. 'हा नमुना चाचणीसाठी घेत आहे' असे नमुना १७ मध्ये लेखी द्यावे लागते. नंतर दुकानदारासमोर त्याचे चार भाग करून प्रत्येक भाग मोहोरबंद करायचा. दुकानदाराला स्वतःचीही मोहोर लावता येते. औषध लहान बंद बाटल्यांत असेल, तर ती न फोडता तेवढ्या बाटल्या घेतात.

चारच भाग का? एक दुकानदाराकडे राहतो. एक सरकारी विश्लेषकाकडे जातो. एक न्यायालयासाठी जपला जातो. आणि एक, माल ज्याच्याकडून आला असे दुकानदार सांगतो त्याच्याकडे, म्हणजे बहुधा बनवणाऱ्याकडे जातो. विश्लेषकाचा अहवाल कोणाला मान्य नसेल, तर त्याने २८ दिवसांत तसे कळवायचे. मग न्यायालयाजवळचा मोहोरबंद भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवता येतो आणि तिचा अहवाल अखेरचा मानला जातो. प्रयोग दुसऱ्याने पुन्हा करून तोच निष्कर्ष आला पाहिजे, हा विज्ञानाचा आग्रह आपण वर्गात शिकवतो. येथे तो कायद्याच्या कलमात उतरलेला दिसतो.

निरीक्षकांना आणखीही अधिकार आहेत. संशयास्पद साठा २० दिवसांपर्यंत विकू नये असा लेखी आदेश ते देऊ शकतात. गरज पडल्यास साठा जप्त करू शकतात. आणि प्रत्येक भेटीत काय दिसले ते नमुना ३५ च्या तपासणी वहीत लिहितात. ही वही दुकानातच राहते. शाळेच्या शेरेबुकाची आठवण व्हावी अशी.

शंभर चिंचोके

"सगळीच औषधे का तपासत नाही?" आम्ही विचारले. निरीक्षक म्हणाले, "तपासलेली गोळी कोणाला देणार?" गोळी तपासायची म्हणजे ती कुटून विरघळवायची. म्हणजे नमुन्यावरच भागवायचे. पण नमुना कितपत सांगतो?

एका पिशवीत १०० चिंचोके घ्या. त्यांतल्या दोहोंना रंग लावा, ते 'खराब'. आता न पाहता दहा काढा. दहांत एकही रंगीत न येण्याची शक्यता अशी काढता येते : (९० × ८९) ÷ (१०० × ९९) = ०.८०९. म्हणजे पाचांपैकी चार वेळा आपली तपासणी 'सर्व ठीक' असेच सांगेल. दहाऐवजी पन्नास काढले तर? (५० × ४९) ÷ (१०० × ९९) = ०.२४७. निम्मी पिशवी रिकामी केली तरी चारांपैकी जवळजवळ एकदा दोष निसटतो!

मग नमुने घेणे व्यर्थ का? नाही. कारखान्यातील चूक सहसा सुट्या गोळीत नसते, पुऱ्या बॅचमध्ये असते. दूषित द्रव वापरला तर त्या बॅचच्या सगळ्याच बाटल्या दूषित. तेथे थोडे नमुनेही पुरे. पण साठवणीतली चूक दुकानागणिक आणि कप्प्यागणिक वेगळी असते. बर्फाला टेकलेला तो एकच खोका नमुन्यात येईलच असे नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. म्हणून प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष पाहणी या एकमेकींना पर्याय ठरत नाहीत. एकीच्या नजरेतून सुटते ते दुसरीला दिसते.

दोष सापडल्यावर

आता पुन्हा त्या एस.टी. स्टँडजवळच्या दुकानाकडे वळू. ते आमचे तिसरे दुकान. परवान्यावर ज्या फार्मासिस्टचे नाव होते, ते कोठे आहेत या प्रश्नाला आधी "जेवायला गेलेत", मग "बाहेरगावी गेलेत" आणि शेवटी गप्प राहणे, अशी तीन उत्तरे मिळाली. प्रमाणपत्र भिंतीवर होते, माणूस नव्हता. काउंटरवरचा मुलगा मालकांचा भाचा, बारावी झालेला.

मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, पंधरा किलोमीटरमध्ये दुसरं मेडिकल नाही. रात्री-अपरात्री लोक दार वाजवतात, मी उठून देतो. बंद केलंत तर माणसं कुठं जातील?"

हे खोटे नव्हते. बाहेर उभे असलेले लोकही तेच म्हणत होते. आम्हाला निरीक्षकांची अडचण समजली आणि उत्तर सुचेना.

निरीक्षक वहीत लिहीत राहिले. लिहून झाल्यावर म्हणाले, "दुकान लांब आहे म्हणूनच इथं फार्मासिस्ट पाहिजे, काका. शहरात चूक झाली तर विचारायला शेजारी दुसरं दुकान असतं. इथं तुमच्यानंतर कोणी नाही." फार्मासिस्ट येईपर्यंत चिठ्ठीवरची औषधे देऊ नयेत, अशी समज त्यांनी दिली आणि अहवाल वरिष्ठांकडे पाठवला.

पुढची कार्यवाही निरीक्षकाच्या हाती नसते, आणि ते योग्यच आहे. परवाना देणारा अधिकारी आधी 'कारणे दाखवा' नोटीस देतो, दुकानदाराचे म्हणणे ऐकतो आणि नंतर परवाना काही काळ निलंबित किंवा रद्द करतो. त्यावर राज्य सरकारकडे अपील करता येते. पाहणारा एक, न्याय करणारा दुसरा, ही खबरदारी येथेही आहे.

त्या दुकानाला काही दिवसांची निलंबनाची शिक्षा झाली, असे नंतर कळले. त्या दिवसांत गावकऱ्यांना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले, हेही कळले. तेथे आता एक तरुण फार्मासिस्ट रोज बसते. नियम पाळल्याची किंमत गावाने थोडे दिवस दिली. न पाळल्याची किंमत एकट्या आजींनी दिली असती. या दोन किमती एका तराजूत कशा घालायच्या, हा प्रश्न आम्ही वर्गापुढे ठेवला. मुलांची दोन तट पडून चर्चा झाली आणि तास कमी पडला.

वर्गात करण्यासारखे

नियमांप्रमाणे निरीक्षकाने आपल्या भागातील प्रत्येक परवानाधारक दुकान वर्षातून किमान एकदा तपासायचे असते. उरलेले ३६४ दिवस दुकानात जातो तो आपणच. म्हणून काही उपक्रम सुचवतो.

पहिला : मुलांनी घरातील रिकाम्या पट्ट्या व खोकी आणावीत. औषधाचे मूळ नाव, बॅच क्रमांक, मुदत, साठवणीची अट, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि किंमत यांचा तक्ता करावा. लाल उभी रेघ किंवा 'आरएक्स' खूण असलेल्या वेगळ्या काढाव्यात. कापून आणलेल्या तुकड्यांवर यांतले काय काय वाचता येत नाही, तेही लिहावे. भरलेल्या पट्ट्या शाळेत आणू नयेत.

दुसरा : घरच्या फ्रिजमध्ये वरच्या, मधल्या व दाराच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात तापमापक ठेवून तापमान मोजावे. २ ते ८ अंश कोठे मिळतात? वीज गेल्यावर ते किती वेळ टिकतात?

तिसरा : चिंचोक्यांचा प्रयोग गटागटाने वीस-वीस वेळा करून गणिताचे उत्तर पडताळावे.

आणि औषध घेताना तीन गोष्टींची सवय लावावी : बिल मागणे, मुदत वाचणे आणि 'हे कसे घ्यायचे?' असे फार्मासिस्टला विचारणे. एखाद्या औषधाविषयी शंका आली, तर कोणाही नागरिकाला ठरावीक शुल्क भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार याच कायद्याच्या २६ व्या कलमाने दिला आहे. फारच थोड्यांना तो माहीत असतो.

निघताना आम्ही आजींना बसपर्यंत सोडले. निरीक्षकांनी मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवारी' असे लिहून दिले होते. आजींना वाचता येत नव्हते. मग शेजारच्या बाकावरच्या सातवीतल्या मुलीने ते त्यांना वाचून दाखवले आणि दोनदा पाठ करून घेतले.